शेणवाली आणि अणूवाली

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी लाईट कधी जात नाही, हे तिनं लग्नानंतरच्या पहिल्या तीन पत्रांत मला तीनदा कळवलं. पहिल्या पत्रात ते समुद्राच्या वर्णनानंतर आलं, दुसऱ्यात फ्रिजच्या, आणि तिसऱ्यात उगाचच, इथे बोंबील फार स्वस्त मिळतात या वाक्याला जोडून. मी ती पत्रं नाशिकरोडच्या आमच्या भाड्याच्या दीड खोलीत कंदिलाशी बसून वाचली. तिसऱ्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही.

तिचा नवरा समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात फोरमन होता. माझा नवरा एका सरकारी योजनेत गोबरगॅसचा सुपरवायझर. तो सिन्नर तालुक्यातल्या गावांमधून हिंडायचा, शेतकऱ्यांना खड्डे खणायला लावायचा, विटांचं बांधकाम तपासायचा, वर गॅस धरणारी लोखंडी टोपी नीट बसली की नाही ते पाहायचा. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आला की त्याच्या आधी त्याचा वास यायचा. आमची आत्या एका लग्नात सगळ्यांसमोर म्हणाली, "या आमच्या दोन भाच्या. ही अणूवाली आणि ही शेणवाली." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मी लग्नातली साडी घडी न घालता ट्रंकेत कोंबली.

शेण हा शब्द आमच्या घरात साधा नव्हता. माझे वडील पंधराव्या वर्षी गावकीची कामं सोडून शहरात आले होते. लोकांची मेलेली ढोरं ओढायची नाहीत, लोकांच्या गोठ्यात वाकायचं नाही, एवढा एकच हट्ट धरून आले आणि पुढे नोटांच्या छापखान्यात कामाला लागले. माझ्या नवऱ्याचं काम त्यांना समजत नव्हतं असं नाही. त्यांना तो आवडायचाही. पण एकदा मी चहा देत असताना ते स्वतःशी बोलावं तसं बोलले, "शेणातून बाहेर काढायला मी गाव सोडलं, आणि जावई मिळाला तो परत शेणातच." धाकट्या जावयाचा फोटो मात्र त्यांनी हॉलमध्ये लावला. डोक्यावर पिवळं हेल्मेट असलेला.

हेव्याचं मूळ मात्र याच्याही आधीचं. शाळेत मी विज्ञानात पहिली यायचे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी प्रवेश घेतला होता. मला फिजिक्स करायचं होतं. त्याच वर्षी आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, घरचं करायला कुणी हवं होतं, आणि मोठी मीच. कॉलेज सुटलं. पुढे डी.एड. करून मी महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना बेरजा शिकवू लागले. आमची धाकटी गणितात पस्तीसच्या काठावर पास व्हायची. आता तिच्या घरी 'रिअ‍ॅक्टर' हा शब्द मिठाच्या बरणीसारखा रोजच्या वापरात होता. तो शब्द माझा होता असं मला वाटायचं. तिनं तो माझ्या कपाटातून न विचारता नेला होता.

तिच्या लग्नाला तीन वर्षं झाल्यावर मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो. आम्ही दोघं आणि आमच्या दोन मुली. वसाहत खरोखरच तशी होती. डांबरी रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, वसाहतीचा स्वतःचा दवाखाना, शाळा. संध्याकाळी वारा सुटला की पडदे छताला लागायचे. बहिणीच्या स्वयंपाकघरात नळ सोडला की पाणी येत होतं, दिवसातल्या कुठल्याही वेळी. माझी धाकटी मुलगी फ्रिजचं दार उघडून त्याच्यासमोर बसून राहिली. मी तिला ओढून उठवलं आणि तिच्या दंडावर माझी बोटं उमटली.

खुंटीवर मेहुण्यांच्या शर्टाला एक चपटा बिल्ला लावलेला होता. तो खरं तर कामावरच ठेवायचा असतो, त्या दिवशी चुकून घरी आला होता. मी तो हातात घेऊन पाहिला. मेहुणे म्हणाले, "ताई, त्यात फिल्मचा तुकडा असतो. अंगावर किती किरणं पडली..."

"तेवढी ती काळी पडणार," मी म्हणाले. "मग महिन्याच्या शेवटी धुऊन बघत असतील."

ते बघतच राहिले. "हे आमच्या नव्या पोरांना दोनदा सांगावं लागतं."

"मला नाही बाई त्यातलं काही कळत," माझी बहीण कांदा चिरता चिरता म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं. मला जे हवं होतं ते तिच्या खुंटीवर लटकत होतं, आणि तिला ते कळत नव्हतं, आणि कळत नाही याचं तिला काही वाटतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना दोघा साडूंचं बोलणं निघालं. माझा नवरा भांडखोर नव्हता, पण कुठल्याही गोष्टीचा हिशेब पुरा लागल्याशिवाय त्याला घास गिळत नसे.

"भाऊ, तुमचं एक युनिट कसं काय पडतं?" त्यानं विचारलं.

मेहुण्यांनी आकडा सांगितला. "कोळशापेक्षा स्वस्त. आणि धूर काडीचा नाही."

"जळून झाल्यावर जे उरतं, ते?"

"ते पाण्याच्या टाक्यात ठेवतात. निवायला."

"किती दिवस?"

"दिवस नाही. वर्षं."

"मग?"

"मग त्यातलं काही परत वापरात घ्यायचं. बाकीचं बंदोबस्तानं ठेवायचं."

"कधीपर्यंत?"

मेहुण्यांनी भात कालवला, पण घास उचलला नाही. "लई लांबचं आहे ते. आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत."

"आणि केंद्र म्हातारं झालं की? ते मोडायला लागेलच ना कधीतरी. आपली गिरणी बंद पडली तर कुलूप लावून जाता येतं. तुमचं तसं नसेल."

"नसेल. आपल्याकडे अजून कुणी मोडलेलं नाही."

"म्हणजे मोडणाऱ्याची मजुरी, आणि ते उरलेलं राखणाऱ्याचा पगार, हे त्या युनिटात धरलंय का?"

जेवणं थांबली. मी मान खाली घालून ताटातली चटणी सारखी करत होते. मला इतका आनंद झाला होता की वर पाहायची सोय नव्हती. बहिणीच्या घरात, तिच्या फ्रिजच्या समोर, माझ्या शेणवाल्यानं असा प्रश्न विचारला होता की ज्याला उत्तर नव्हतं.

मेहुणे शांत माणूस. म्हणाले, "खरं सांगू? धरलंय की नाही, मला ठाऊक नाही. मी फोरमन. पण भाऊ, मी एक विचारू? तुमच्या गोबरगॅसचा खर्च तुम्ही शेतकऱ्याला कसा सांगता?"

"सिमेंट, विटा, लोखंडी टोपी, शेगडी. वर्षाला एकदा रंग. इंधन फुकट."

"शेण कोण कालवतं?"

"घरची बाई."

"रोज?"

"रोज. जेवढं शेण तेवढं पाणी."

"पाणी कोण आणतं?"

"तीच."

"तिचा पगार धरलाय का?"

माझा नवरा मोठ्यानं हसला. "नाही धरला! भाऊ, हे लिहून ठेवतो." आणि खरंच हात धुऊन त्यानं खिशातल्या डायरीत लिहिलं. त्यानंतर दोघांचं असं जमलं की चपला घालून समुद्रावर निघून गेले. खरकटी ताटं आम्हा दोघी बहिणींसमोर पडलेली होती.

माझा आनंद मघाशीच कुठे तरी गेला होता. कारण पगार न धरलेली ती बाई मीच होते. दर सुट्टीत सिन्नरजवळच्या सासरच्या गावी गेले की सासूबाईंच्या हाताखाली मीच शेण कालवायचे. नवऱ्यानं तालुक्यातला सगळ्यात आधीचा गोबरगॅस आपल्याच घरी बांधला होता, लोकांना दाखवायला. निळ्या जाळावर भाकरी भाजायची, डोळ्यांत धूर नाही, भांडी काळी होत नाहीत, हे सगळं खरं होतं. सासूबाईंचा खोकला त्यानं गेला, हेही खरं. पण विहीर लांब होती, आणि प्यायच्या पाण्याचेच दोन हंडे जिथे कमी पडायचे तिथे टाकीला वेगळे हंडे लागायचे. सासूबाई म्हणायच्या, "ग्यास लय चांगला हाय गं, पण त्यालाबी तहान लागती." मला ते नवऱ्याला सांगायचं कधी सुचलं नाही. ते माझ्या मेहुण्यानं, वर्षानुवर्षं शेण न पाहिलेल्या माणसानं, एका जेवणात सांगितलं. याचाही मला रागच आला. माझी तक्रारसुद्धा तिच्याच घरातून बाहेर पडावी!

पुढे एक वर्ष पाऊस कमी झाला. चारा मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी दोन्ही म्हशी विकल्या. शेण नाही तर गॅस नाही, टाकीची टोपी हळूहळू खाली बसली आणि सासूबाई पुन्हा चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्या. नवऱ्याच्या तालुक्यात अशा बऱ्याच टोप्या त्या वर्षी बसल्या. त्यानं आपल्या अहवालात ते जसं होतं तसं लिहिलं, बाईच्या कष्टांसकट, पाण्यासकट. वरच्या साहेबांना तो अहवाल आवडला नाही. बढतीच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. त्याच महिन्यात बहिणीचं पत्र आलं की त्यांना वरचं क्वार्टर मिळालं, गच्चीसकट.

माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती. माझ्या दोन मुली. तिला सहा वर्षं मूल नव्हतं. मी तिला त्यावरून कधी टोचून बोलले नाही. उलट फार समजुतीनं वागायचे. पण मुलींचे वाढदिवस मात्र मी तिला आठवणीनं पत्रानं कळवायचे. आता ती पत्रं आठवली की मला माझी लाज वाटते. तिच्या लाईटच्या बातम्यांना मी दिलेली ती उत्तरं होती.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी आई-वडिलांकडे आली. वडिलांनी निवृत्तीनंतर इंदिरानगरला दोन खोल्या बांधल्या होत्या. तेव्हा तिकडे नुसते प्लॉट होते आणि काळ्या मातीत बाभळी. ती रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या गालांवर तेज होतं, आणि आई अंगणापर्यंत धावत गेली. माझ्या दोन्ही वेळांना आई दारात उभी राहिली होती. असल्या गोष्टी मी लक्षात ठेवत होते.

तेच ते वर्ष, जेव्हा रशियातली अणुभट्टी पेटली. वर्तमानपत्रात रोज काहीतरी येत होतं. हवेतून काय काय पसरलं, कुठलं दूध ओतून दिलं, कुठली गावं रिकामी केली. बहीण ते वाचत नव्हती. वडील पेपर घडी घालून गादीखाली ठेवत.

वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि आम्ही बायका खीर वाढत होतो. शेजारची एक बाई म्हणाली, "तुझी बहीण आलीय म्हणे. नशीब काढलं बाई पोरीनं. आता मूल झालं की काय कमी आहे तिला?"

माझ्या हातात पळी होती. मी म्हणाले, "नशीब आता कळेल. त्या तसल्या हवेत राहून पोटातलं पोर धड निघालं म्हणजे मिळवली. रशियाचं वाचलं ना?"

त्या बाईनं तोंडावर हात ठेवला. आजूबाजूच्या दोघी-तिघी जवळ सरकल्या. मी आणखी बोलले. मला फिजिक्समधलं जे आठवत होतं, ते सगळं मी तिथे वापरलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी माझं विज्ञान कान देऊन ऐकत होतं.

तिसऱ्या दिवशी मी आईकडे गेले. बहीण मागच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ताई, विहारात तू बोललीस ते?"

मी म्हणाले, "काय?"

"तुला माहितीय काय."

ती एकेक पान तोडत होती, देठ वेगळे ठेवत होती.

"मी हे रोज स्वतःला विचारते," ती म्हणाली. "आज नाही, तिसऱ्या महिन्यापासून. डॉक्टरांना विचारलं, ते हसले. यांना विचारलं, ते म्हणाले, बिल्ल्याचे आकडे बघ. मला ते वाचता येत नाहीत. तुला आले असते. म्हणून मी ठरवलं होतं की नाशिकला गेले की ताईला विचारायचं. ताई शिकलेली आहे, ती मला खरं सांगेल. मी धीर गोळा करत होते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तर तू आधीच सगळ्या गावाला सांगून मोकळी झालीस."

मला रडू आलं नाही. यावं असं वाटत होतं, पण आलं नाही. मी पायरीवर तिच्या शेजारी बसायला गेले, तर तिनं मेथीचं सूप मधे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि जे कॉलेज सोडलं होतं तिथे गेले. आमचे फिजिक्सचे सर अजून होते, केस पिकलेले. त्यांनी मला ओळखलं नाही, पण पुस्तकं दिली. तीन दिवस मी ती वाचली. शब्दकोश शेजारी ठेवून, मुलींना शेजारणीकडे पाठवून. रविवारी मेहुणे आले तेव्हा त्यांना एकीकडे घेतलं आणि महिनावार आकडे मागितले. त्यांनी काही न विचारता आकडे टिपलेली डायरी माझ्या हातात दिली. एका वर्षी दुरुस्तीच्या कामात त्यांचा आकडा मर्यादेजवळ गेला होता, तेव्हा त्यांना काही महिने बाहेरच्या कामावर ठेवलं होतं. ते त्यांनी बहिणीला सांगितलं नव्हतं. "उगाच घाबरली असती," ते म्हणाले. "ताई, आमच्या कामात हेही एक असतं. अर्धं कामावर सोसायचं आणि अर्धं घरी न सांगता."

मी बहिणीसमोर जाऊन बसले. म्हणाले, "आता ऐकायचं तर ऐक. तुझ्या नवऱ्याचे आकडे मी बघितले. त्यांच्यावरून तुझ्या बाळाला काही होईल असं कारण मला सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं म्हणायला मी मोठी शास्त्रज्ञ नाही. पण मला जे कळतं त्यावरून सांगते, घाबरू नकोस. आणि विहारात मी जे बोलले ते मला कळत होतं म्हणून बोलले नाही. जळफळाटानं बोलले."

"कशाचा जळफळाट?" तिनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

जून संपता संपता तिला मुलगी झाली. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. नर्सनं बाळ तिच्या कुशीत दिलं, तेव्हा तिनं आधी तोंड पाहिलं नाही. दुपटं सोडून हातापायांची बोटं मोजली. एकदा मोजली, मग परत, मग तिसऱ्यांदा. मग कान. मग पाठ. बाळ सगळं धड होतं, रडत होतं, गोरंपान होतं. पण माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर आनंद उमटायला एवढा वेळ लागला, तो वेळ तिच्याकडून मी घेतला होता. वसाहतीनं काही घेतलं असेल तर ते वेगळं. हा भाग माझा होता.

बारसं विहारातच झालं, तिच्या हट्टानं. ज्या बायकांनी माझं बोलणं ऐकलं होतं त्या सगळ्यांना तिनं स्वतः निरोप पाठवला, आणि प्रत्येकीच्या मांडीवर बाळ दिलं. माझ्या मांडीवर सगळ्यांत शेवटी. पण दिलं.

त्यानंतर आमची पत्रं चालू राहिली, पण कोरडी. तब्येत बरी, पाऊस बरा. दोन वर्षांनी ती अचानक एकटीच नाशिकला आली, मुलीला कडेवर घेऊन, आणि आधी आईकडे न जाता माझ्याकडे आली. मेहुण्यांना दुसऱ्या राज्यातल्या नव्या अणुवीज प्रकल्पावर बोलावणं आलं होतं. बढती, मोठं क्वार्टर. पण प्रकल्पाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं होतं. मेहुणेच म्हणायचे, तिथे अजून एक दिवा लागलेला नाही, आणि कर्जाचं व्याज मात्र रोज चढतंय. जंगलातली जागा. जवळ गाव नाही.

"जाऊ का?" तिनं विचारलं. माझा नवरा तेव्हा कामावर होता, मुली शाळेत. आम्ही दोघीच होतो.

मला लगेच उत्तर सुचलं. जाऊ नकोस. आणि त्यामागची कारणंही सुचली, चांगली, पटणारी. म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि चहाचं आधण टाकलं. उकळी येईपर्यंत मी विचार करत होते की यातलं कुठलं कारण माझं आहे आणि कुठलं तिचं.

"मी सांगते," शेवटी म्हणाले. "पण मला तुझा हेवा वाटतो. लहानपणापासून. अजून गेलेला नाही. तेवढा वजा करून ऐक."

"किती वजा करू?" तिनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

"निम्मा."

मग मी बोलले. वीज काय, जाळ काय, कुठलंच फुकट येत नाही एवढं मला आता ठाऊक आहे, म्हणाले. गोबरगॅसचा जाळ नाही, तुमची वीज नाही. सूर्याच्या चुली आता निघाल्यात, त्यांचंही काहीतरी निघेल. फक्त बिल कुणाच्या घरी जातं ते आधी कळत नाही. तिकडे गेलीस तर त्यांनी तुझ्यापासून काही लपवायचं नाही, आकडे दर महिन्याला तुला दाखवायचे, आणि तुला कळले नाहीत तर मला पाठवायचे. मी वाचून लिहीन. एवढं कबूल असेल तर जा. आणि मुलीची शाळा आधी बघून घे.

तिनं बशीत ओतलेला चहा संपवला. मग म्हणाली, "ताई, हे तू आधीच बोलली असतीस तर."

मी म्हणाले, "हो."

पावसाळा संपल्यावर ते गेले. सामानाच्या ट्रकवर दोरी बांधायला माझा नवरा गेला होता. परत येताना त्यानं बहिणीचा जुना फ्रिज आणला. तिनं तो आम्हाला देऊन टाकला होता, तिकडे नवा घेणार म्हणून. आठ दिवस तो फ्रिज दाराशी उभा होता आणि मी त्याच्याकडे बघतही नव्हते. नवव्या दिवशी मी तो पुसला आणि त्यात दूध ठेवलं.